त्र्यंबकच्या फेरीत बाबांना वाट दाखवणारा इरलंवाला कोण होता?

सातपूरची लेक

नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतेय. ते आता 71 वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी साथ सोडलीय, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नाही. अलीकडे रोज संध्याकाळी ती काढतात. त्र्यंबक, पहिने, घोटी या भागातलं कुणी इथे असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

1987 चा श्रावण. त्याआधीच्या उन्हाळ्यात दादा विषमज्वराने फार आजारी होता, तेव्हा आईने ब्रह्मगिरीची फेरी बोलली होती. फेरीला सगळे तिसऱ्या सोमवारी जातात, पण त्या आठवड्यात बाबांना सेकंड शिफ्ट होती आणि सुट्टी मिळेना. म्हणून ते दुसऱ्याच रविवारी रात्री एकटे निघाले. कुशावर्तावर स्नान केलं, दहाच्या सुमारास चालायला लागले. पेगलवाडीपर्यंत दोन-चार माणसं मागेपुढे होती. पहिने गाठेतो कुणीच उरलं नाही. पाऊस आणि धुकं इतकं की हातातल्या बॅटरीचा उजेड दोन पावलांवर पांढरा होऊन थांबायचा.

पहिने सोडल्यावर कुठेतरी ते वाटेवरून उतरले आणि भाताच्या बांधांवर आले. आवणी म्हणजे भाताची लावणी झालेली, खाचरं तुडुंब भरलेली. बांधावरून चालत ते एका झाडाशी पोहोचले. झाडाखाली जमिनीत रोवलेली एक लाकडी फळी होती, शेंदूर फासलेली, वर चंद्र-सूर्य कोरलेले. त्यांनी हात जोडले आणि पुढे निघाले. अर्ध्या तासाने पुन्हा तीच फळी. पुन्हा पुढे गेले. तिसऱ्यांदा ती फळी समोर आली तेव्हा बाबांना घाम फुटला. चकवा लागला हे त्यांना कळलं. लहानपणी ऐकलेलं आठवून त्यांनी सदरा काढला, उलटा करून घातला आणि झाडाखाली बसून राहिले.

तिथे तो माणूस आला. डोक्यावर इरलं (पावसापासून बचावाचं बांबू-पानांचं पांघरूण), कमरेला लंगोटी, हातात दिवा नाही. बाबा सांगतात, "मी आधी त्याचे पाय बघितले. पाय सरळ होते." त्याने काही विचारलं नाही. डोक्यावरचं इरलं काढून बाबांच्या डोक्यावर ठेवलं आणि पावसात उघडाच पुढे चालू लागला. बाबा मागे. बराच वेळ चालल्यावर ओढा लागला. पलीकडे घरं होती, कुत्री भुंकत होती. तो ओढ्याच्या अलीकडेच थांबला आणि म्हणाला, "डोंगर उजव्या हाताला धरा. पल्याड माझं काम नाही." बाबा ओढा ओलांडून वळले तोवर धुक्यात काही दिसेना. इरलं बाबांच्या डोक्यावरच राहिलं.

दिवाळी झाल्यावर बाबा ते परत करायला गेले. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दोन म्हाताऱ्या तेवढ्या होत्या. बाबांनी माणसाचं वर्णन केलं. एक म्हणाली, "तो गेला." कधी, तर म्हणाली, "लई दिस झालं." बाबा इरलं घेऊन तसेच घरी आले. तेव्हापासून त्यांची खात्री आहे की आपल्याला वाट दाखवणारा जिवंत माणूस नव्हता.

ते इरलं अजून आमच्या माळ्यावर आहे. पानं केव्हाच झडली. बांबूच्या कामट्यांची जाळी उरलीय, होडी पालथी घालावी तशी, आणि काठाला दोरी गुंडाळलेली. आई दर दिवाळीला टाकून द्या म्हणायची. बाबांनी टाकू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, माणसाचं असो की भुताचं, वस्तू उसनी आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. त्या भागात अशा वाट दाखवणाऱ्याची गोष्ट सांगतात का? आणि हे इरलं परत करायचं तर कुठे, कसं?

घाटमाथा

मी पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय. चकव्याबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगतो.

डोंगरात दिशा डोळ्यांनी ठरते: सुळका, सूर्य, दूरचा दिवा. हे सगळं झाकलं की माणसाचे पाय सरळ जात नाहीत. प्रत्येक पावलाला जरासा कल येतो, तो साचत जातो आणि वाट वळते. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर मंडळी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात ती गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधून चालवलं तेव्हा काहींची वर्तुळं जेमतेम वीस मीटरची निघाली.

फेरीत ब्रह्मगिरी कायम उजव्या हाताला असतो, कारण ती प्रदक्षिणा आहे. धुक्यात डोंगर नाहीसा झाला की फेरीचा आधारच जातो. त्या माणसाने सांगितलेलं वाक्य बघा: "डोंगर उजव्या हाताला धरा." रात्रीच्या वाटसरूला यापेक्षा नेमका सल्ला मीही देऊ शकलो नसतो.

आणि सदरा उलटा करणं, एका जागी बसणं, चपला अदलाबदल करणं या उपायांना हसू नये. यातल्या प्रत्येकात माणूस थांबतो. रात्री धुक्यात थांबला तो वाचला. मी स्वतः हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला एकदा थांबलो नाही आणि कारवीच्या झुडपांत दोन तास घालवले, खाली केवढा कडा आहे ते सकाळी दिसलं. तुमचे बाबा बसले म्हणून वाचले. मग कुणीही येवो.

आशेवाडीचे मास्तर

लेकी, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी रामशेज किल्ल्याच्या पायथ्याचा. डोंगराला राखणदार असतो ही समजूत आपल्या मुलखात इतकी जुनी आहे की खुद्द मुघलांची छावणी तिच्यापायी फसली.

1682 साली औरंगजेबाच्या फौजेने रामशेजला वेढा घातला. आधी शहाबुद्दीन खान आला. गडावर तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी लाकडाच्या तोफा करून चालवल्या असं मुघलांचा इतिहासकार खाफीखान यानेच लिहून ठेवलंय. खानाने तोफा चढवायला उंच लाकडी दमदमा उभारला, तरी गड हलेना. मग बहादूरखान कोकलताश आला. मूठभर माणसं एवढ्या फौजेला पुरून उरतात म्हणजे किल्लेदाराला भुतं वश असली पाहिजेत, असा छावणीत बोलबाला. एक मांत्रिक पुढे झाला. म्हणाला, शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौज माझ्या मागून बिनधोक गडावर जाईल. साप करून दिला. मांत्रिक चालू लागला. गडाच्या माऱ्यात आला तसा वरून गोफणीचा धोंडा सुटला आणि त्याच्या छातीवर बसला. साप हातातून उडाला, मांत्रिक कोसळला.

ही गोष्ट मी शाळेत तीस वर्षं सांगितली. पोरं दर वेळी विचारायची, "गुरुजी, मग भुतं होती का?" मी सांगायचो, गोफण फिरवणारा होता. त्याचं नाव कुठल्या बखरीत नाही, मांत्रिकाच्या सापाचं वजन मात्र लिहून ठेवलंय. याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्या बाबांच्या गोष्टीतल्या माणसालाही नाव नाही. शोध घे, लेकी. तो सापडला तर फार बरं होईल.

अजून एक. त्र्यंबकगडाच्या अंगाखांद्यावर "मेटं" आहेत. मेट म्हणजे गडाच्या चढावरची पहाऱ्याची वस्ती. मेटघर किल्ला नावाचं गावच आहे. रात्री-अपरात्री वाटेवर कोण आलं हे बघणं हे त्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. गड पडले, पगार बंद झाले, सवय थोडीच जाते?

सुरगाणेकरीण

ताई, ती फळी वाघदेव आहे!

आमच्याकडे सुरगाण्यात, पेठमध्ये, तिकडे त्र्यंबकच्या बाजूलाही शिवेवर वाघदेव रोवतात. लाकडाची फळी, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, कधी नाग. शेंदूर लावतात. वाघबारशीला सगळा पाडा तिथे जातो, गुराखी पोरं नवस फेडतात, वाघाने आमच्या गुरांना हात लावू नये म्हणून. तुमच्या बाबांना वाघ दिसला नसेल कारण खालचं कोरीव शेंदरात बुजतं. चंद्र-सूर्य वर असतात म्हणून ते दिसतात.

म्हणजे बाबा तीनदा शिवेवर आले. आमची आजी म्हणायची, चकवा शिवेवरच लागतो, कारण एका गावाचा देव सोडून दुसऱ्याच्या हद्दीत पाय पडतो आणि मधल्या जागेला धनी नसतो. डोंगराला धनी असतो हे आम्ही लहानपणापासून बघतो. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं व्रत असतं. माऊल्या, म्हणजे व्रत करणारी माणसं, घर सोडून खळीवर राहतात, पावरी या वाद्याच्या सुरावर रात्रभर नाचतात, पौर्णिमेला डोंगरावर गुहेशी जातात. वर जायच्या आधी डोंगराला विचारतात. न विचारता कुणी चढत नाही.

मला स्वतःला वाटतं ते राखणदारच होते. मला तसं वाटायला आवडतं. पण इरलं भुताचं नसतं एवढं नक्की. इरलं विणायला दोन दिवस जातात.

कळवणहून

वरची चर्चा सुंदर चाललीय. एक विनंती मात्र मनापासून करते. बाबांची गोष्ट लिहून काढणार असाल तर जरूर काढा. पण त्या भागातून आणखी भुताच्या गोष्टी गोळा करायला जाल तेव्हा हडळ, डाकीण अशा गोष्टींत पाड्याचं नाव, घराचं नाव लिहू नका. मी आरोग्य खात्यात होते. गोष्टीतली डाकीण पुष्कळदा गावातली खरी विधवा बाई असते आणि तिची सून-नातवंडं अजून तिथेच राहत असतात. एका बाईला गावाबाहेर झोपडीत राहताना मी पाहिलंय, तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवणं गुन्हा आहे. कायदा झाला तरी गोष्ट फिरतच राहते. इरलंवाल्याची गोष्ट तशी नाही, ती कुणाला दुखवत नाही. तेवढा फरक लक्षात असू द्या.

पाड्यावरचा

मी त्याच बाजूचा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, वरच्या ताई म्हणतात ते बरोबर आहे.

पहिली गोष्ट. दिवा नव्हता म्हणून भूत, असं नसतं. आमच्या म्हाताऱ्यांना बांधाची वाट पायाने कळायची. पावसात दिवा टिकतही नाही. रात्री खाचरातलं पाणी फुटलं का बघायला माणूस उठतोच. आवणी झाल्यावर बांध फुटला तर रोप वाहून जातं. तो माणूस पाणी बघायला निघाला असणार.

दुसरी गोष्ट. "पल्याड माझं काम नाही." हे आमच्याकडं आजही बोलतात. पाव्हणा रात्रीचा आला तर त्याला शिवेपर्यंत पोचवायचं, पुढं त्या पाड्याची माणसं बघतील. माझा आजा माझ्या डोळ्यांदेखत ओढ्याशी थांबायचा. शीव ओलांडली तर पल्याडची माणसं विचारणार, रात्रीचा इकडं कशाला आला?

तिसरी गोष्ट आणि हीच खरी. तुमच्या बाबांनी चौकशी कुठं केली? ओढ्याच्या पल्याडच्या पाड्यावर. अहो, तो तर अल्याडचा होता! म्हणून तर अल्याड थांबला. त्या म्हाताऱ्यांना तो कसा माहीत असणार? त्यांनी त्यांच्याकडच्या कुणाचं तरी सांगितलं. आणि "गेला" म्हणजे मेलाच असं कशावरून? दिवाळीच्या टायमाला आमच्याकडं पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. बाकी सगळे द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी, निफाडला जातात. विचारलं तर आम्हीपण म्हणतो, "तो गेला." कामाला गेला.

इरलं परत करायचं तर अल्याडच्या पाड्यावर न्या. जाळी फेकू नका, जुनी माणसं काठाची बांधणी बघून सांगतात कुणी विणलं. आता कुणी विणत नाही, सगळे प्लास्टिकचा कागद पांघरतात. पळसाची पानं आतून घालून केलेलं इरलं असलं की आवणीला वाकलं तरी पाठीवर थेंब पडत नाही, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कागद वाऱ्याने उडतो, एक हात तो धरण्यातच जातो.

सातपूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मध्ये आम्ही जाऊन आलो.

पाड्यावरचे दादा, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. "अल्याडचा होता" हे ऐकल्यावर त्यांनी मला ते वाक्य दोनदा पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प बसले. रात्री जेवताना म्हणाले, "मी ओढा ओलांडल्यावर विचारत बसलो. मागे वळून विचारायला हवं होतं."

रविवारी दादाने गाडी काढली. ज्याच्यासाठी फेरी बोलली होती तोच दादा, आता त्याची मुलगी दहावीला आहे. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर इरल्याची जाळी. पहिने सोडल्यावर वस्तीवर विचारत विचारत गेलो. वाघदेव सापडला. फळी नवी आहे, खाली सिमेंटचा ओटा झालाय, झाड तेच आहे असं बाबा म्हणतात. मी खाली वाकून शेंदराखाली बोट फिरवलं. सुरगाण्याच्या ताई, वाघ आहे. पाठ आणि शेपूट बोटाला लागते.

अल्याडच्या पाड्यावर एका पडवीत पन्नाशीचे एक गृहस्थ विळ्याला धार लावत होते. बाबांनी काही सांगायच्या आधीच त्यांनी जाळी हातात घेतली, पालथी केली आणि काठाच्या दोरीवरून अंगठा फिरवत नेला. म्हणाले, "ही बांधणी उलट्या अंगाने फिरलीय. डावऱ्या हाताचं काम." मी इतकी वर्षं ती जाळी बघतेय, मला कधी दिसलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताने फिरवून दाखवलं तेव्हा कळलं.

पाड्यावर इरली विणणारे डावरे दोघं होते. चुलत भाऊ. एक 2004 साली वारले. दुसरे आहेत, आता डोळ्याने कमी दिसतं, सध्या मुलीकडे घोटीला आहेत, दिवाळीला येतात. 1987 ला त्या रात्री कोण पाणी बघायला गेलं होतं हे त्या गृहस्थांना सांगता येणार नव्हतं, ते तेव्हा लहान होते. फोन लावू का म्हणाले. बाबांनी नको म्हटलं. फोनवर विचारायची गोष्ट नाही म्हणाले.

घरच्यांनी चहा दिला. बाबांनी वारलेल्या भावाबद्दल विचारलं, ते बोलायला कसे होते. घरातल्या एक बाई आतून म्हणाल्या, "फार नव्हते बोलत." बाबांनी मान हलवली.

निघताना त्या गृहस्थांनी जाळी पडवीच्या वाशाला अडकवायला हात पुढे केला. बाबांनी ती दिली नाही. ज्याची त्याच्याच हातात देईन म्हणाले, आणि तो नसेल तर त्याच्या भावाच्या. आता जाळी पुन्हा आमच्याकडे आहे, पण माळ्यावर नाही, हॉलमध्ये खुर्चीवर ठेवलीय. बाबांनी कॅलेंडरवर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गोल केलाय. मास्तर, नाव कळलं की इथे नाही, पण तुम्हाला पत्राने नक्की कळवीन.